गोलच्या मागे

"सकाळचा नाश्ता कुठं करता तुम्ही?" सरपोतदारांनी विचारलं.

आमच्या व्हरांड्यात बसून ते चहा पीत होते. पुण्याहून गाडीनं येऊन, करंजफाट्याला उतरून, स्टेशनापासून दवाखान्याच्या वसाहतीपर्यंत उन्हातून चालत ते आमच्या घरी आले होते. एवढी यातायात करून आलेला माणूस माझ्या नाश्त्याची चौकशी करतोय याचं मला हसू आलं. मी खरं ते सांगून टाकलं. दवाखान्याच्या मेसमध्ये करते. मुलींबरोबर. उकडलेली अंडी, पाव आणि चहा.

त्यांनी कप बशीत ठेवला.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ते म्हणाले.

सरपोतदार आमच्या प्रांतिक ॲथलेटिक्स संघटनेचे चिटणीस. मी सतराव्या वर्षी अनवाणी पळून पहिली शर्यत जिंकले तेव्हा कडेला घड्याळ घेऊन तेच उभे होते. त्यानंतर दहा वर्षं, मी जिथं जिथं खेळले तिथं तिथं हा बारीक अंगाचा, पांढऱ्या टोपीचा माणूस असायचाच. मला पहिले बूट त्यांनीच कुठूनतरी मिळवून दिले होते. त्यामुळं ते बोलताना अडखळायला लागले तेव्हा मी हसायची थांबले.

संघटनेकडं माझ्याविरुद्ध तक्रार आली होती. कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. मार्था रणभिसे ही एका संस्थेच्या संघाला हॉकी शिकवते आणि त्याचा मोबदला घेते, अशी ती तक्रार होती. त्या काळी नियम फार कडक होते. खेळ शिकवून जो काही घेतो तो हौशी खेळाडू राहत नाही, आणि जो हौशी नाही त्याला कुठल्याही स्पर्धेत उतरता येत नाही. मी म्हटलं की मी एक छदामही घेतलेला नाही.

"मोबदला म्हणजे फक्त रोख नव्हे," सरपोतदार म्हणाले. "शिकवण्याच्या बदल्यात अन्न, हासुद्धा मोबदलाच."

"अंडी?"

"अंडीसुद्धा."

ही गोष्ट बावन्न सालची. आज माझं नाव घेतलं की लोकांना हॉकीच आठवते, पण तेव्हा हॉकी हा माझ्या अनेक खेळांपैकी एक होता. अडथळ्यांची शर्यत हा माझा मुख्य खेळ. त्याखेरीज लांब उडी, भालाफेक, थंडीत बॅडमिंटन, आणि पुण्याच्या एका क्लबकडून उजव्या कडेला हॉकी. एकदा तर एक मुलगी आजारी पडली म्हणून मी पोहण्याच्या शर्यतीतही उतरले आणि तिसरी आले. तेव्हा बायका खेळायच्याच मोजक्या, त्यामुळं जी खेळायची ती सगळंच खेळायची. पोटापाण्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी होती. बक्षिसात पेले मिळायचे, एकदा पितळेची समई मिळाली. आमच्या ख्रिस्ती घरात ती कुठं ठेवायची हे कुणाला कळेना, तेव्हा आईनं तिच्यावर घासलेली पातेली पालथी घालायला सुरुवात केली.

आदल्या नोव्हेंबरात अडथळ्यात पाय अडकून मी पडले आणि घोट्याचं हाड मोडलं. बिनपगारी रजा टाकून घरी आले. माझे पपा, शांतवन रणभिसे, करंजफाट्याच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्याच डॉक्टरांनी पाय प्लास्टरमध्ये घातला, नाताळच्या सुमारास काढला आणि सांगितलं, आता चालत राहा. मी क्षयाच्या वॉर्डामागच्या माळावर चालायला जायला लागले.

तिथं मला त्या मुली दिसल्या. नर्सिंग शिकणाऱ्या, ड्यूटीवर जाण्याआधीच्या मोकळ्या वेळात आलेल्या. एका जुन्या मिशनरीच्या बंगल्यातून मेट्रन करुणाबाईंना हॉकी स्टिकांची पेटी सापडली होती, आणि मुलींच्या अंगाला वारं लागावं म्हणून त्यांनी ती यांच्या हवाली केली होती. कुणालाही काही येत नव्हतं. त्या एका चेंडूभोवती घोळका करून साप मारावा तशा स्टिका आपटत होत्या. वॉर्डाच्या व्हरांड्यात पेशंट खुर्च्या टाकून बसलेले, आणि खोकत खोकत टाळ्या वाजवत होते.

मला राहवेना. मी एकीला स्टिक कशी धरायची ते दाखवलं. दुसरीनं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी चालायला गेले ती थेट त्यांच्यातच. मेसमध्ये मला कोण घेऊन गेलं तेही आठवत नाही. भूक लागलेली असायची, सगळ्या एकदम जायच्या, मीही जायची. पपांनी मोडक्या स्ट्रेचरांचे बांबू जोडून मला अडथळे करून दिले होते. मुली ड्यूटीवर गेल्या की मी एकटी त्यांवरून उड्या मारायची. पाय पूर्वीसारखा, कधीकधी वाटायचं पूर्वीहून बरा, चालायला लागला होता.

आणि पुण्याला ईस्टरनंतरच्या आठवड्यात निवड चाचणी होती. परदेशी जाणाऱ्या संघाची. माझं वय सत्तावीस. पुढची संधी येईपर्यंत मी तिशी ओलांडलेली असणार, हे मलाही माहीत होतं आणि सरपोतदारांनाही.

म्हणून त्यांनी वाट शोधून आणली होती. ते म्हणाले, तुम्ही पायाच्या उपचारासाठी इथं आहात. पेशंट म्हणून दवाखान्याचं अन्न खाल्लंत, यात गैर काही नाही. मोकळ्या वेळात मुलींना चार गोष्टी सांगितल्या असतील, तेही चालेल. असं मी संघटनेत सांगेन आणि तक्रार निकाली निघेल. मात्र सांगलीला पुढच्या शनिवारी या मुलींचा सामना आहे, तिथं मला पाहुणा म्हणून बोलावलंय. तिथं तुम्ही यांच्या प्रशिक्षक म्हणून दिसता कामा नये. प्रेक्षकांत बसा. माझ्या डोळ्यांनी काही बघितलं तर मला खोटं बोलता येणार नाही.

मी हो म्हटलं. विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही.

सरपोतदार गेल्यावर पपा औषधांच्या खोलीतून हात पुसत बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मुलींना तूच सांग. दुसऱ्याकडून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. एलिझा पाटोळे आमची कप्तान. तिखट जिभेची, मधल्या फळीत खेळणारी आणि सगळ्या मैदानावर दिसणारी. तिचा चेहरा पडला. म्हणाली, म्हणजे तुम्ही आमच्या कुणीच नाही असं दाखवायचं? मी समजावत राहिले. तेवढ्यात मागून सोजर म्हणाली, "बाईंचं बरोबर हाय. त्यांचं पळणं त्यांनी का सोडावं?"

सोजर म्हणजे आमची गोलकीपर. तिच्याबद्दल जरा सांगायला हवं. ती जतकडची. नवरा पटकीनं गेला तेव्हा सोजर अजून पोरवयातच होती. त्यानंतर काही वर्षांनी भावानं तिला सासरहून काढून दवाखान्यात आणून सोडलं. आधी वॉर्डात केर काढायची, मग करुणाबाईंनी तिला नर्सिंगच्या वर्गात बसवलं. हाडापेरानं मोठी, बोलायला कमी. तापात बरळणारा पेशंट उठून पळायला लागला की सोजरला हाक जायची. पहिल्या दिवशी कुणाचातरी जोरात मारलेला चेंडू तिच्या नडगीवर बसला. दुसरी कुणी असती तर खाली बसून रडली असती. सोजर चेंडूकडं बघत उभी राहिली. मी धावत जाऊन विचारलं, दुखलं का? ती म्हणाली, "दुखलं की." त्याच दिवशी मी तिला गोलात उभी केली. बाकीच्यांनी शिवणखात्यातून गुडघ्याखालपर्यंतचे स्कर्ट शिवून घेतले. सोजरनं मात्र लुगड्याचा काष्टा घातला आणि त्यावर क्रिकेटचे पॅड बांधले. डोक्यावरचा पदर तिनं कधी खाली येऊ दिला नाही. तो ती पिना लावून घट्ट बसवायची.

माळावर तिच्यापुढून चेंडू जाणं कठीण असायचं. जवळून मारलेला चेंडूही ती पायानं असा थांबवायची, की वाटावं तो तिच्याच पायाशी यायला निघाला होता. वॉर्डातले पेशंट तिच्या नावानं टाळ्या वाजवायचे.

शनिवारी आम्ही दवाखान्याच्या लॉरीतून सांगलीला गेलो. मैदानापाशी मी मुलींच्या आधी खाली उतरले आणि बायकांसाठी टाकलेल्या खुर्च्यांत जाऊन बसले. शेजारीच मांडव होता, त्यात सरपोतदार आणि गावातली बडी मंडळी. सरपोतदारांनी मला बघून हळूच मान हलवली. समोर कोल्हापूरच्या एका कॉलेजचा संघ होता. एकसारखे निळे गणवेश, एकसारख्या स्टिका. दोन वर्षं एकत्र खेळलेल्या मुली. आमच्या मुली माळावर खेळलेल्या, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनी एवढी गर्दी जत्रेखेरीज पाहिलेली नव्हती.

बायकांची हॉकी बघायला सगळं गाव लोटलं होतं. दोरीला लागून तरण्या पोरांची रांगच्या रांग. सुरुवातीला त्यांनी दोन्ही संघांची सारखीच चेष्टा केली. मग त्यांना सोजर दिसली. लुगडं, पॅड, डोक्यावर पदर. ए मावशी, इंजेक्शन दे. ए सिस्टर, घरी भाकरी करपली. असलंच काहीबाही. फार वाईट काही नव्हतं, पण ते थांबत नव्हतं.

पहिला चेंडू आला तेव्हा सोजर पदर सावरत होती. दुसऱ्याला तिनं पाय टाकला, पण उशिरा. माळावर चेंडूवर खिळलेली तिची नजर आता सारखी दोरीकडं जात होती. तिसरा चेंडू अगदी सावकाश आला, एखाद्या लहान मुलानं अडवावा असा, आणि तिच्या दोन पायांमधून गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते. काय चुकतंय ते मला दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. मध्यंतर होईपर्यंत चार गोल झाले.

मुली मैदानाच्या कडेला येऊन बसल्या. एलिझानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडं वळवली. मी सांगितलं होतं ना, की माझ्याकडं बघायचं नाही. ती ते पाळत होती.

सोजर त्यांच्यात बसलीच नाही. ती सरळ दोरीखालून वाकून बाहेर पडली आणि लॉरीकडं गेली. एलिझा तिच्यामागं गेली आणि एकटीच परत आली. तेव्हा बदली खेळाडू उतरवायची पद्धत नव्हती. सोजर आली नाही तर दहाजणींनी खेळायचं, आणि गोलात कोण उभी राहणार?

मी उठले. लॉरी मैदानाबाहेर होती आणि तिथं जायला मला कुणी मनाई केलेली नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

सोजर लॉरीच्या मागच्या चाकाला टेकून बसली होती. पॅडचे पट्टे सोडत होती, पण घामानं चामडं फुगलं होतं आणि बक्कल सुटत नव्हतं. मी खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि बक्कल सोडवायला लागले.

"बाई, मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "माणसं बघत्यात."

"सामना आहे, सोजर. बघणारच."

"तसं न्हवं. माझ्याकडं बघत्यात." तिनं पदर पुढं ओढला. "मालक गेल्यावर सासू म्हणाली, आता कुणाच्या नजरंला पडायचं न्हाई. माजघरातनं बाहेर आले न्हाई मी. भाऊ आला तवा उजेडात डोळं उघडंनात माझं. वॉर्डातल्या माणसाचं काय वाटत न्हाई, तो आजारी असतोय. ही धडधाकट माणसं हायत. समदी एकदम बघायली की मला वाटतंय, मी हितं असायलाच नको."

मी दहा वर्षं माणसांच्या नजरेसमोर पळाले होते. मैदानात पाऊल टाकलं आणि गर्दी माझ्याकडं वळली की माझ्या पायात जोर यायचा. ती नजर काढून घेतली असती तर मी इतकी वर्षं पळाले असते की नाही, कोण जाणे. तीच नजर एखादीला अशी भाजते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी तिला गोलात उभी केली होती, मैदानातल्या सगळ्यांत एकट्या जागेवर, का तर तिला दुखलेलं दिसत नाही म्हणून.

बक्कल सुटलं होतं. मी ते परत लावलं.

"मी मागं उभी राहिले तर?" मी विचारलं.

"कुठं?"

"गोलच्या मागं. जाळीला लागून. तुझ्या आणि त्या पोरांच्या मधे. तू वळून बघायचं नाही. बॉल बघायचा आणि माझा आवाज ऐकायचा, माळावर ऐकतेस तसा."

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "मग तुमचं पळणं?"

"पट्टा फार आवळला का?" मी म्हटलं.

"न्हाई. बरा हाय."

ती उठली. आम्ही दोघी दोरीखालून आत आलो. मी गोलच्या मागं जाऊन उभी राहिले, आणि सामन्याचे पंच, फौजेतले एक निवृत्त सुभेदार, शिट्टी हातात घेऊन माझ्याकडं चालत आले. आवाज खणखणीत. ते म्हणाले, बाई, प्रेक्षकांनी दोरीच्या बाहेर. मी म्हटलं, मला इथंच उभं राहायचंय. ते म्हणाले, इथं संघाचं माणूस असेल तरच उभं राहता येतं. तुम्ही संघाच्या कोण?

मांडव तिथून लांब नव्हता. सुभेदारांचा आवाज ऐकून तिथली माणसं आमच्याकडं बघायला लागली होती. सोजर माझ्याकडं पाठ करून गोलात उभी होती. मी सांगितलं होतं तशी, वळून न बघता.

"मी यांची प्रशिक्षक आहे," मी म्हटलं.

सुभेदारांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी मान डोलावली, प्रतिस्पर्धी कप्तानाला विचारलं, तिची हरकत नाही म्हटल्यावर ते मधल्या रेघेकडं परत गेले. मांडवात सरपोतदार खुर्चीतून अर्धवट उठले होते. क्षणभर तसेच राहिले, मग खाली बसले.

खेळ सुरू झाला. निळ्या मुली आल्याच, पहिल्यासारख्याच वेगानं.

"डावीकडं," मी म्हणत होते, मोठ्यानं नव्हे, तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. "अजून. पुढं ये. थांब तिथंच. आता."

पाय पडला. चेंडू पॅडवर बसल्याचा तो जाड आवाज आला आणि सोजरनं तो बाजूला ढकलला. पुन्हा आला. पुन्हा अडला. पोरं दोरीच्या कडेनं सरकत सरकत गोलच्या मागं आली, पण आता मधे मी होते. माझ्या पाठीवर त्यांचं बोलणं आदळत होतं. थोड्या वेळानं मला जाणवलं की मी बोलायच्या आधीच सोजर हलायला लागली आहे. मी आवाज कमी केला. मग काही वेळ गप्पच राहिले. एकदा चेंडू उसळून तिच्या छातीवर लागला. ती हलली नाही. चेंडू पायाशी पडला, तो तिनं सावकाश एलिझाकडं ढकलला.

मागच्या पोरांपैकी एकानं विचारलं, "बाई, हिचं नाव काय?"

मी सांगितलं. शेवटीशेवटी त्यातले दोघंतिघं तिचं नाव घेऊन ओरडायला लागले. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती हे मला आजही सांगता येणार नाही. सोजरनं मात्र एकदाही तिकडं मान वळवली नाही. पिना सुटून पदर केव्हा खांद्यावर आला होता, ते तिलाही कळलं नसावं.

खेळ संपायला थोडाच वेळ उरला असताना एलिझानं कुठूनसा चेंडू मिळवला, दोघींना चुकवलं आणि गोल मारला. आम्ही चार-एकनं हरलो. मध्यंतरानंतर आमच्यावर एकही गोल झाला नव्हता. मुलींनी सोजरला गराडा घातला, तिच्या पाठीत धपाटे घातले. कॉलेजच्या मुली बिचाऱ्या बघतच राहिल्या, की जिंकलं कोण.

सरपोतदार लॉरीपाशी आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"तुम्ही माझ्यासमोर म्हणालात," ते म्हणाले.

"हो."

"मला आता कळवावं लागेल."

"कळवा."

मला वाटलं ते रागावले आहेत, पण ते रागावलेले नव्हते. त्यांनी माझ्यासाठी दहा वर्षं जे मनात धरलं होतं ते त्यांच्यादेखत गेलं होतं, आणि माझ्यापेक्षा त्यांनाच त्याचा धक्का जास्त बसला असावा. जाता जाता ते थांबले, लॉरीवर चढणाऱ्या सोजरकडं बघत म्हणाले, "त्या गोलकीपरला कधीपासून शिकवताय?"

"नाताळपासून."

"या नाताळपासून?" त्यांनी मान हलवली, टोपी घातली आणि गेले.

परत येताना मुली फाट्यापर्यंत गात होत्या. उपासनेतली गीतं संपल्यावर लग्नातली, ती संपल्यावर भोंडल्याची. मी सोजरचे पॅड मांडीवर घेऊन बसले होते. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पुढचे काही दिवस मी बांबूच्या अडथळ्यांकडं फिरकले नाही. एकदा आईसमोर रडले. पपांनी ते अडथळे उचलून कुठं ठेवू का, असं विचारलं, तेव्हा राहू दे म्हटलं. पुण्याहून निर्णय आला, माझं नाव हौशी खेळाडूंतून काढल्याचा. करुणाबाईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, मग आता तुला कायमची ठेवून घ्यायला माझी अडचण उरली नाही. जूनपासून मी दवाखान्याची खेळशिक्षिका झाले. पुढं कॉलेजं, जिल्हा, राज्य असं करत करत तीस वर्षं मुलींना हॉकी शिकवत राहिले. एलिझा राज्याच्या संघात गेली. सोजर पुढं वॉर्डाची प्रमुख झाली, आणि पाय साथ देईपर्यंत आमच्या गोलात उभी राहिली. पण हे सगळं नंतरचं.

निवड चाचणी झाली त्या सकाळी मी माळावर होते. पुण्यात आत्ता काय चाललं असेल हा विचार येऊ नये म्हणून मुलींना जास्तच पळवत होते. एवढ्यात एक माणूस सायकलवरून माळावर आला. मागं कॅरियरवर दोन वेण्यांची एक मुलगी बसलेली. माणूस तासगावचा शिंपी होता. सांगलीचा सामना बघायला लेकीला घेऊन गेला होता, असं त्यानं सांगितलं. तेव्हापासून ही घराच्या दारात उभी राहते आणि भावांना चेंडू मारायला लावते. एकही आत जाऊ देत नाही. खिडकीची काच मात्र फुटली. म्हणून आणलीय. हॉकी शिकवणाऱ्या बाई कोण?

मुलीचं नाव नलू होतं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती माझ्यामागं कुणालातरी शोधत होती. मला कळलं. मी सोजरला हाक मारली आणि म्हटलं, हिला गोलात कसं उभं राहायचं ते दाखव.

सोजर आली. तिनं नलूला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, स्वतःचा एक पॅड सोडला आणि गुडघ्यावर बसून तिच्या पायाला बांधला. पॅड पोरीच्या मांडीपर्यंत आला. नलू लाजून खाली मान घालून उभी राहिली. वॉर्डाच्या व्हरांड्यातले सगळे पेशंट बघत होते, ड्यूटीवर निघालेल्या नर्सा थांबून बघत होत्या, तिचा बाप बघत होता.

सोजर चार पावलं मागं सरली, दोन पाय जुळवून गोलाच्या मधोमध उभी राहिली.

"खाली काय बघतीस?" ती म्हणाली. "इकडं बघ. माझ्याकडं बघ."